हाताची घडी

इंदूताई पडली तेव्हा आम्ही तिघी गाड्या बंद करून हाताची घडी घालून उभ्या राहिलो. तिनंच तसं शिकवलं होतं.

वाघजाईच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, खाली उतरणारी ती वाट म्हणजे पावसानं पोखरलेली नुसती घळ होती. तांबडी माती, मध्ये मध्ये जांभ्याचे धोंडे आणि दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत. ताई सगळ्यांत पुढं होती, मी तिच्या मागं. तिच्या पुढच्या चाकाखालचा धोंडा निसटला, गाडी उजवीकडं कलली आणि ताईला घेऊनच आडवी झाली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

तिला पडताना मी पहिल्यांदाच बघत होते. खोटं कशाला बोलू, मला आधी गंमतच वाटली. कल्पनाच्या चेहऱ्यावर तर हसू मावत नव्हतं.

"आता कळंल तिला," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आमची कशी जिरती ते."

इंदूताई मुळीक म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एकमेव बाई, जिच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्तीला नाही, कापायला यायच्या. भंगारात निघालेली जुनी बुलेट आणायची, तिची मागची चेसी, म्हणजे सांगाडा, कापून आखूड करायची, हँडल उंच आणि रुंद बसवायचं, दगडाला घासू नये म्हणून सायलेन्सर सीटखालून वर काढायचा आणि जाड खाचांचे टायर चढवायचे. झाली स्क्रॅम्बलर, म्हणजे रस्ता संपतो तिथून पुढं जाणारी गाडी. ताईचा नवरा वेल्डर होता. तो वारल्यावर दीर मशिनी बघायला आले, तेव्हा ही बाई त्याचा काळा चष्मा लावून वेल्डिंग करत बसली होती. तिनं मान वर केली नाही. दीर चहासुद्धा न घेता परत गेले.

मी तिच्याकडं गेले होते माझी स्कूटी दाखवायला. बी. कॉम. झालेली, घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली मुलगी मी. स्कूटीकडं बघून तिनं विचारलं, हे काय चालीवतीस, खेळणं हाय व्हय? त्या संध्याकाळी मी कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी गेले आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला. पुढं कल्पना खोत आली. ती लहानपणापासून दुधाच्या किटल्या लटकवून चिखलातून गाडी मारायची, तिला शिकवण्यासारखं काही नव्हतंच. मग शमा मुजावर आली, शाळेत पी. टी. शिकवणारी. दर रविवारी नवऱ्याला महिला मेळावा आहे म्हणून सांगायची. इतके मेळावे कुठं भरतात हे त्या बिचाऱ्यानं कधी विचारलं नाही.

पहिल्याच वर्षी एका गावाबाहेर शमा चिखलात घसरली. पारावर बसलेले गडी धावत आले. शमाला उठायची सवडसुद्धा न देता चौघांनी गाडी उभी केली, एकानं चावी काढून घेतली, आणखी एकानं तिच्या दंडाला धरून, लागलं का ताई, लागलं का, करत तिला दगडावर बसवलं. जाताना एक म्हातारा म्हणाला, पोरींनो, झेपंल तेवढंच करावं. शमा घरापर्यंत रडत आली. लागलं होतं म्हणून नव्हे.

त्या दिवशी ताईनं नियम केला. पडलेल्या बाईच्या गाडीला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी हाताची घडी घालून उभं राहायचं. आणि लागलं का, असं तर मुळीच विचारायचं नाही. लागलं असंल तर तिला तोंड हाय, ताई म्हणायची. मदत हवी असेल तर पडलेलीनं 'हात द्या' म्हणायचं, की सगळ्यांनी धावायचं. पण जी म्हणेल तिनं महिनाभर सगळ्यांना चहा पाजायचा आणि वर टोमणे खायचे ते वेगळेच. साहजिकच कुणी म्हणत नसे. मनगट मोडलेलं असताना मी एकदा एकटीनं गाडी उभी केली होती. पाठ सीटला लावायची, हँडल वळवून घट्ट धरायचं, आणि जोर हाताचा नाही, मांड्यांचा लावत मागं मागं सरकायचं, हे ताईनं शिकवलेलं. प्लॅस्टर घालून घरी आले तेव्हा माझ्याइतकी सुखी बाई कोल्हापुरात नसेल.

पण त्या दिवशी सड्यावर आम्ही एकट्या नव्हतो. घळीच्या काठावर चौगुले उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात शिट्टी. डोंगरी मोटरसायकल मंडळाच्या रॅलीत बायकांना मनाई आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, मंडळ फक्त बायकांचे अर्ज घेत नसे. ताईनं तिथं उंबरे झिजवले. शेवटी मंडळानं अट घातली. आम्ही चौघींनी सडा उतरून, ओढा ओलांडून, समोरच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जायचं, बाहेरच्या कुणाची मदत न घेता. एक जरी मागं राहिली तर बायकांचा विषय कायमचा बंद. ते बघायला चौगुल्यांना पाठवलं होतं. आदल्या दिवशी ताई आम्हाला एवढंच म्हणाली होती की आपल्या चौघींचं सोडा, आपल्या मागनं येणाऱ्या पोरींचं दार हाय हे.

आणि आता तीच घळीत आडवी होती.

जरा वेळ ती हललीच नाही. उजवा पाय गाडीखाली गेलेला. मग तिनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते.

वरून चौगुल्यांनी हाक मारली. "ताई, लागलं का?"

आम्हा तिघींच्या कपाळावर एकदम आठ्या चढल्या. हा प्रश्न या माणसानं विचारायलाच नको होता, निदान आमच्यासमोर तरी.

"न्हाई," ताई म्हणाली.

"पाय अडकलाय न्हवं? तुमच्यातल्या कुणी हात दिला तर चालतंय हो. बाहेरच्याचा नको, एवढंच. आमची पोरंबी देत्यात एकमेकाला. नियमात बसतंय ते."

ताईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या नियमात बसत असंल. आमच्या नियमात न्हाई बसत."

शमानं टाळी वाजवली. माझ्याही अंगावर काटा आला, अभिमानानं. आजही ते वाक्य आठवलं की काटा येतो, पण तो अभिमानाचा नसतो.

"थांबा," ताई आम्हाला म्हणाली. "मी उठतो की."

आमच्याकडच्या बायका बोलताना असंच मी येतो, मी जातो म्हणतात. बाहेरगावची माणसं हसतात. ताईच्या तोंडी ते जितकं शोभायचं तितकं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

तिनं डावा बूट सीटला लावला आणि गाडी रेटून उजवा पाय खालून ओढून काढला. तेव्हा तिच्या तोंडून एक आवाज निघाला, पोतं पाठीवर घेताना हमाल काढतो तसा. मग दोन्ही हातांनी मांडी दाबून ती गुडघ्यावर बसून राहिली. मला वाटलं, दम घेतेय. कल्पना पुन्हा कुजबुजली की आज चहा मिळतोय बघ. आणि ताई उठली. पाठ सीटला लावली, हँडल वळवलं, आणि मागं मागं सरकत ती अवजड गाडी सरळ केली. आम्ही तिघींनी असा काही कल्ला केला की गवतातली पाखरं उडाली. चौगुलेसुद्धा मिशीत हसले आणि जीपनं, पक्क्या रस्त्यानं, देवळाकडं निघून गेले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. इंदूताईची गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची, त्याबद्दल ती पैज लावायची. त्या दिवशी तिनं किकला पाय लावलाच नाही. उतार होता, तिनं गाडी गिअरमध्ये टाकून खाली सोडली आणि चालतीवर क्लच सोडून सुरू केली. मला वाटलं, घाई असेल.

खाली ओढा होता. ताई पुढं, मी मागं. तिची गाडी पाण्यात शिरली तशी तिच्या उजव्या बाजूनं लाल पाणी वाहत माझ्या चाकाखालून गेलं. पण तिथं पाणी लालच असतं. जांभ्याची माती, नुकता सरलेला पावसाळा. आमचे कपडे, बूट, तोंडं, सगळंच लाल होतं. त्या मुलखात रक्त वेगळं दिसायचं कसं?

ओढ्यानंतर देवळाचा चढ. तिथं फूटरेस्टवर उभं राहून गाडी मारायची असते, बसून मारली तर मागचं चाक उधळतं. ताई तो सगळा चढ बसून चढली. गाडी खालून नाचत होती आणि ती सीटवर घट्ट. मला वाटलं, चौगुल्यांना दाखवतेय, की बघा, बसूनही जमतं. नाकावर टिच्चून काही करायची तिला हौसच होती.

एकामागोमाग आम्ही चौघी देवळापुढच्या फरशीवर आलो. चौगुल्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले की अर्ज पाठवा, मी मंडळाला सांगतो. कल्पनानं हेल्मेट काढून वर फेकलं. शमा देवळाची घंटा बडवायला लागली, आणि मग एकाएकी लक्षात आल्यासारखं जीभ चावून मागं सरली आणि पुन्हा जाऊन बडवू लागली. मी हसून हसून वाकले होते.

ताई गाडीवरच होती. इंजिन चालू. डावा पाय जमिनीला टेकलेला. स्टँड लावत नव्हती. तिनं मला मानेनं बोलावलं.

"वैजू, हिकडं ये. ह्या अंगाला."

मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिनं काच वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "हात दे."

'चहा!' म्हणून ओरडायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात मला तिचे ओठ दिसले. वाळलेल्या मातीसारखे झाले होते, त्यांत रंगच नव्हता.

"वरडू नको," ती म्हणाली. "त्यास्नी दिसू दिऊ नको. आनि कुणाला सांगू नको, मी मागितला म्हणून. घे शप्पथ."

"शप्पथ," मी म्हणाले. त्या वेळी तिनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

मी तिच्या काखेत हात घातला. तिनं माझं मनगट धरलं, तेच मोडून सांधलेलं, आणि सगळा भार माझ्यावर सोडला. गाडी पलीकडच्या अंगाला कोसळली. आवाज ऐकून बाकीच्या वळल्या, तोवर ताई माझ्या मांडीवर आडवी होती. शमानं तिचा उजवा बूट ओढून काढला आणि तो हातात धरून किंचाळली. बूट भरलेला होता.

साध्या गाडीचा फूटरेस्ट स्प्रिंगचा असतो, दगडाला लागला की मागं दुमडतो. ताईला ते आवडायचं नाही. पाय ठाम राहिला पाहिजे म्हणून तिनं तो वेल्डिंग करून पक्का केला होता आणि बूट घसरू नये म्हणून त्याला करवतीसारखे दात काढले होते. घळीत पडली तेव्हा तो मांडीत शिरला. तो आत होता तोवर त्यानंच रक्त अडवून धरलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पाय ओढून काढला तेव्हा ते मोकळं झालं. जाड काळी पँट आणि गुडघ्यापर्यंतचा बूट, सगळं आत साठत गेलं. घळीतच गाडी तशीच ठेवून, पाय न हलवता माणसं बोलावली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी ते दयेनं म्हटलं असावं.

चौगुल्यांनी जीप अशी हाकली की मला वाटलं आम्ही सगळेच जाणार. शमा ओढणीनं मांडी दाबून बसली होती, कल्पना देवाचं नाव घेत होती. माझं मनगट ताईच्या मुठीत होतं. कळे गाव मागं पडल्यावर ती मूठ सैल झाली. मी कुणाला सांगितलं नाही. दवाखाना येईपर्यंत मी तो हात तसाच धरून बसले.

दवाखान्याच्या पायरीवर चौगुले गळ्यातली शिट्टी काढून हातात घेऊन बसले होते. आमच्यापैकी कुणाकडंही न बघता ते म्हणाले, "मी इचारलं होतं हो."

त्या वर्षी मंडळानं आमचे अर्ज घेतले. आता तर रॅलीत पोरींचा वेगळा गट असतो. ताईनं उघडलेलं दार उघडंच राहिलं, पण त्या दारातून तिचा नियमही आत आला. शमानं आणि कल्पनानं घळीतलं सगळं लोकांना सांगितलं, जे त्यांनी पाहिलं ते. ते वाढत वाढत गेलं. मांडी फाटली, तरी इंदूताईनं हात मागितला नाही. पोरींच्या जाकिटांवर पाठीमागं 'हात नको' असं छापलेलं असतं. गाड्या सुरू करण्याआधी त्या एकमेकींना तेच म्हणतात. कुणी मला विचारलं, मावशी, तुम्ही तर तिथंच होता ना, की मी मान हलवायचे. शपथ घेतली होती. आणि तिची तेवढी एकच वस्तू माझ्याकडं उरली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही सरावाला सड्यावर गेलो होतो. सगळ्या मला मावशी म्हणतात ते तेजलमुळं. ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. आता मी सगळ्यांत मागं असते, रेंगाळत. वळण घेऊन पुढं आले तर पोरी गाड्या बंद करून हाताची घडी घालून उभ्या. मध्ये तेजल. गाडी शेजारी पडलेली, ती गवतात कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड राखेसारखं. आणि हसत होती.

मी हेल्मेटसुद्धा न काढता तिच्याजवळ बसले. "लागलं का?"

मागून एक पोरगी म्हणाली, "मावशी, असं विचारत नाहीत."

मी तिला उचलून आमच्या सामानाच्या जीपमध्ये घातलं. हँडल पोटात बसलं होतं, प्लीहा फुटली होती. ऑपरेशन करून ती काढावी लागली. जगली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर मी पोरींना सांगितलं. ताईनं हात मागितला होता. माझ्याकडं मागितला होता, आणि माझं मनगट धरूनच ती गेली. मला वाटलं होतं, ऐकून त्या रडतील. एक रडली खरी. बाकीच्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मी कुणाच्या मयताला जाऊन शिव्या दिल्या. त्यांच्यातली मोठी होती ती म्हणाली, "मावशी, तुमचा मान आहे म्हणून ऐकून घेतलं. त्यांच्याबद्दल असं परत बोलू नका." आणि त्या जाकिटं घालून निघून गेल्या. पाठीवर ती अक्षरं होती.

दुसऱ्या दिवशी तेजलला शुद्ध आली. कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं.

"खरंच म्हणाली होती?" तिनं विचारलं.

"म्हणाली होती."

"मोठ्यानं?"

"नाही. हळू. मला एकटीलाच ऐकू येईल असं."

ती तोंड फिरवून उठून बसायला लागली. कोपर टेकलं, दात आवळले, टाक्यांवरची पट्टी ताणली गेली. कोपर घसरलं. पुन्हा टेकलं. घामानं तिचं कपाळ ओलं झालं. मी बघत होते. तेव्हा माझं मलाच दिसलं, की मी खाटेशेजारी हाताची घडी घालून उभी आहे.

तेजलचं कोपर पुन्हा घसरलं. ती उशीवर पडली आणि डोळे मिटून, अगदी हळू म्हणाली, "मावशी, हात दे."